तीन मिलिमीटर

आमच्या इमारतीच्या डाव्या लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात. मंजूर नकाशात तेरा लिहिली होती. मधली पाच माणसं रोज सकाळी माझ्यामुळे ताटकळतात. विरारमध्ये सकाळी एक फेरी हुकली तर काय होतं, हे ज्याने विरार लोकल पकडली आहे त्याला सांगायला नको. ताटकळणाऱ्यांना खरं कारण ठाऊक नाही. लिफ्टवाल्यांनी हात आखडता घेतला, असा बहुतेकांचा समज आहे. मीही त्याच लिफ्टच्या कोपऱ्यात उभा राहून तो मुकाट्याने ऐकतो. मी चौदाव्या मजल्यावर राहतो. माझ्या कामाचे शेवटचे पैसे रोख न मिळता फ्लॅटच्या रूपाने मिळाले. इंजिनियरने स्वतः बांधलेल्या इमारतीतच राहावं असा नियम सरकारने केला, तर पुष्कळ कॉलम आपोआप जाड होतील.

मी वसईचाच. आमची केळीची वाडी होती, विहिरीवर रहाट होता, वाडीच्या कडेला बावखल होतं. बाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवायला वाडीत खणलेलं तळं. मी पोहायला त्यातच शिकलो. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून लागणार आहे.

१९८३ साली सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो, तेव्हा मुंबईच्या चाळींतली माणसं घर शोधत नालासोपारा-विरारकडे यायला लागली होती. वाड्या विकल्या जात होत्या. १९९० साली या भागाचं नियोजन सिडकोकडे आलं. इकडे वाड्या आणि पाणी वाचवायला हरित वसईची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. मोर्चाच्या दिवशी माझ्या गावची निम्मी माणसं रस्त्यावर होती आणि मी साइटवर सेंटरिंग तपासत होतो. आता त्यावर बोलण्यात अर्थ नाही, पण हिशेब मांडायला बसलोच आहे तर तीही नोंद असू दे.

तेव्हाचं ठरलेलं माप म्हणजे तळमजला अधिक चार. लिफ्टची कटकट नाही, पाण्याची टाकी गच्चीवर, वर्षाच्या आत काम पूर्ण. अशा साठेक इमारती मी उभ्या केल्या. त्यातली एकही पडली नाही, हे अभिमानाने सांगत असे. आता वाटतं, इमारत न पडणं ही कामाची किमान अट आहे, ती पदवी म्हणून मिरवायची गोष्ट नाही. चार मजल्यांत माणूस चुकतो किती? एका मजल्याला दोन-तीन मिलिमीटर. चार मजल्यांचे मिळून फार तर दहा-बारा. ते प्लास्टरमध्ये जातात. आमच्या धंद्यात प्लास्टरइतका मोठ्या मनाचा कुणी नाही. जिथे प्लास्टर संपतं तिथे पीओपी असतं.

२००९च्या जुलैत वसई-विरार महानगरपालिका झाली. इमारती हळूहळू उंच होऊ लागल्या. २०११मध्ये विरार पश्चिमेला, आगाशीच्या बाजूला एक बावीस मजली निवासी इमारत बांधायचं काम माझ्याकडे आलं. आराखडा मुंबईच्या स्ट्रक्चरल सल्लागारांचा, पैसा विकासकाचा, बांधकामाची सगळी जबाबदारी माझी. वय एकोणपन्नास. बायको म्हणाली, "अहो, बावीस मजले? जमेल का?" मी म्हणालो, "चारावर अठरा वाढवायचे, एवढंच."

माझं हे वाक्य तिने पुढे बरीच वर्षं जपून ठेवलं आणि वेळोवेळी वापरलं.

चारावर अठरा वाढवून बावीस मजली इमारत होत नाही. चार मजली इमारतीचा मुख्य प्रश्न वजनाचा असतो. वरचं वजन खाली जमिनीत नीट पोचलं की काम झालं. सत्तर मीटर उंच गेलं की वजन असतंच, पण त्याआधी वारा येतो. आपल्या किनाऱ्यासाठी मानकाने सेकंदाला ४४ मीटरचा वारा धरायला सांगितला आहे. तो इमारतीला आडवा ढकलतो आणि इमारत वेतासारखी हलते. ती किती हलावी, हलल्यावर कशी सावरावी, हा सगळा विचार लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींत असतो. त्यांना शिअर वॉल म्हणतात. लिफ्टचा खड्डा म्हणजे रिकामी जागा असं लोकांना वाटतं. खरं तर उंच इमारतीचा कणा तोच. उंच इमारतींसाठी आपल्याकडे वेगळं मानक, आयएस १६७००, २०१७ साली आलं. पन्नास मीटरच्या वरच्या इमारतींना ते लागू होतं. आमचं काम त्याच्या आधीचं. पण मानक नव्हतं ही सबब मी पुढे करणार नाही, कारण मी जे चुकलो ते टाळायला मानक लागत नव्हतं.

पहिली चूक जमिनीखाली झाली. सल्लागारांनी माती तपासायला आठ बोअर घ्यायला सांगितले होते. शेजारच्या प्लॉटचा माती अहवाल माझ्याकडे होता. त्यात बारा-तेरा मीटरवर कातळ लागल्याचं लिहिलं होतं. शेजारी बारा मीटरवर असलेला कातळ आपल्याकडे कुठे जाईल, असं म्हणून मी पाच बोअर घेतले. राहिलेल्या तीनपैकी एक ईशान्येच्या कोपऱ्यातला होता.

त्याच सुमारास जमिनीचा जुना मालक एकदा साइटवर आला. सत्तरीचा म्हातारा, पहाटेच्या लोकलने दादरला सोनचाफा घेऊन जाणारा. सायकल पत्र्याच्या कुंपणाला टेकवून तो आत आला आणि कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "तिथे आमचं बावखल होतं. राबिट टाकून भरलं. मशीन लावाल तेव्हा जपून लावा." मी त्याला चहा पाजला. "काका, आम्ही कातळापर्यंत जाणार आहोत, बावखलाचं काय घेऊन बसलात?" तो हसला, कपातला चहा संपवला आणि गेला. बावखलात वाढलेल्या माझ्यासारख्याला बावखल म्हणजे काय हे समजावण्यात अर्थ नाही, असं त्याला वाटलं असावं. त्याचा तेवढा अंदाज चुकला.

पायलिंगचं, म्हणजे कातळापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवायचं मशीन त्या कोपऱ्यात आलं आणि जमीन ढासळू लागली. बावखल फार तर बारा-पंधरा फूट खोल असतं, पण त्यात फेकलेल्या राबिटाच्या, विटांच्या आणि कुजलेल्या झाडाच्या खोडांच्या पोकळ्यांतून पाणी यायचं, खाली काळा चिखल. भोक पाडावं तर बाजू आत यायच्या. काँक्रीट ओतावं तर हिशेबाच्या दीडपट जायचं आणि कुठे गेलं ते कळायचं नाही. मग तपासणीवाले आले. ही तपासणी बघण्यासारखी असते. पाइलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने टकटक करतात, आवाज तळापर्यंत जाऊन परत येतो आणि पडद्यावर त्याची रेघ उमटते. मध्येच कुठे पाइल बारीक झाला असेल तर आवाज अर्ध्या वाटेवरून परत येतो. तीन पाइलांतला आवाज अर्ध्या वाटेवरून परत आला. माझा एक मदतनीस म्हणाला, "साहेब, डॉक्टर छातीला नळी लावतात तसंच आहे हो." मी काही बोललो नाही. मला त्या म्हाताऱ्याचं हसणं आठवत होतं.

चार जादा पाइल, नवी मोठी पाइल कॅप, सुधारित नकाशे. ते होईतो जून उजाडला आणि विरारचा पाऊस सुरू झाला. त्या कोपऱ्याने पुन्हा तळं होऊन दाखवलं. सात महिने गेले. वाचवलेल्या तीन बोअरचा खर्च आमच्या साइटच्या महिन्याच्या चहापाण्यापेक्षा फार जास्त नव्हता.

दुसरी चूक वर झाली, आणि ती एका दिवसात झाली नाही. बावीस हप्त्यांत झाली.

मजला चढवताना कॉलम-भिंतींची जागा स्लॅबवर आखतात. त्याला आम्ही लाइनआउट म्हणतो. चार मजली कामात ती रीत सोपी. खालच्या मजल्याच्या कॉलमाला ओळंबा लावायचा, कड वर घ्यायची, सुतळी धरायची, गुण्या लावायचा आणि आखायचं. माझे मिस्त्री वीस वर्षं हेच करत आले होते, त्यांचा हात बसलेला होता. बावीस मजल्यांनाही आम्ही तीच रीत लावली.

सहाव्या मजल्याचं लाइनआउट चालू असताना साइटवर नुकतीच लागलेली एक मुलगी माझ्याजवळ आली. इंजिनियरिंग संपवून जेमतेम वर्ष झालं होतं. हातात वही. म्हणाली, "सर, आपण प्रत्येक मजला खालच्या मजल्यावरूनच का काढतो? जोत्यावर चार पक्क्या खुणा करून त्याच वर आणायला नकोत का? दर स्लॅबला वीतभर चार भोकं ठेवली की तळाची खूण थेट वर घेता येईल. त्याचं लेझरचं यंत्र भाड्याने मिळतं."

माझ्या हातात तेव्हा चहाचा कप होता. आजूबाजूला मिस्त्री, फिटर, दोन सेंटरिंगवाले. सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "मॅडम, मी साठ इमारती उभ्या केल्यात. साठ." मिस्त्री हसले. ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहून ती खाली गेली.

त्या क्षणाकडे मी नंतर पुष्कळदा परत गेलो. तिचं म्हणणं मला कळलं नव्हतं असं नाही. अगदी नीट कळलं होतं. पण ते मान्य केलं असतं तर पाच मजले पुन्हा तपासावे लागले असते आणि चार माणसांसमोर साठातून काहीतरी वजा झालं असतं. यंत्राचं भाडं परवडत होतं. ही वजाबाकी परवडत नव्हती.

नक्की काय होत होतं ते सांगतो. लिफ्टच्या भिंतींचं प्लायवूडचं शटरिंग आम्ही फक्त आतल्या बाजूने तिरके टेकू लावून धरत होतो, कारण पश्चिमेच्या बाहेरच्या अंगाला उभं राहायला जागाच नव्हती. काँक्रीट ओतलं की त्याच्या दाबाने शटरिंग दर वेळी किंचित पश्चिमेला सरायचं. किंचित म्हणजे तीन मिलिमीटर. दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेमतेम तेवढे होतील. मग पुढच्या मजल्याचं लाइनआउट त्या सरकलेल्या भिंतीवरून व्हायचं. ओळंबा खालच्या मजल्याशी जुळायचा. दहाव्या मजल्यानंतर खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात तो ओळंबा असा झुलायचा की मिस्त्री त्याची सरासरी डोळ्यांनी काढायचा. रजिस्टरमध्ये प्रत्येक मजल्यासमोर 'ओके' आणि खाली सही. बावीस सह्या. सगळ्या माझ्या.

२०१४च्या दिवाळीनंतर लिफ्ट बसवणारे आले. त्यांचा मुख्य मिस्त्री अबोल, कामाला चोख. त्याने वरच्या मशीन रूममधून लिफ्टच्या खड्ड्यात चार बारीक पोलादी तारा सोडल्या. प्रत्येक तारेच्या टोकाला लोखंडी वजन, आणि ती वजनं तळाला तेल भरलेल्या बादल्यांत बुडवली. मी विचारलं, तेल कशाला? म्हणाला, "हलायची थांबतात, साहेब. हलणारी तार खरं बोलत नाही." मग तो एकेका मजल्यावर उतरत गेला. तारेपासून भिंतीचं अंतर मोजायचं आणि भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. मी त्याच्या मागोमाग. पाचव्या मजल्यावर ११. दहाव्यावर २६. सोळाव्यावर ४५. बाविसाव्यावर ६१. एकही आकडा उलट दिशेचा नाही. माणसं चुकतात तेव्हा थोडं इकडे, थोडं तिकडे चुकतात आणि बेरीज फारशी वाढत नाही. आम्ही बावीस वेळा एकाच बाजूला चुकलो होतो. यालाही एक प्रकारची शिस्त लागते.

लिफ्टच्या रुळांना एवढं सरकणं चालत नाही. ते तळापासून टोकापर्यंत सरळच हवेत. मिस्त्रीने खडू खिशात ठेवला आणि म्हणाला, "तेरा माणसांची केबिन नाही बसणार."

इमारतीला धोका होता का? सल्लागारांनी सगळं पुन्हा गणित करून पाहिलं. सत्तर मीटरला एकसष्ट मिलिमीटर म्हणजे हजारात एकाहूनही कमी, इमारत सुरक्षित होती. ते गणित होईतोवरचे दहा दिवस मला झोप नव्हती. उजवीकडच्या, स्ट्रेचर नेता येईल अशा मोठ्या लिफ्टला सरकण्याच्या दिशेने जागा राखलेली होती म्हणून ती वाचली. डावी वाचली नाही. भिंत तासायची म्हणजे आतल्या सळ्यांवरचं आवरण जाणार, म्हणून तो विचारच सोडला. रुळांची रेषा मधोमध आणून चूक दोन्ही बाजूंना वाटून टाकली, लांब ब्रॅकेट खास करून घेतले, केबिन आठ माणसांची मागवली. पाच महिने गेले. लिफ्ट कंपनीचा जादा खर्च माझ्या फीमधून गेला आणि पैशांऐवजी फ्लॅट मिळण्यामागे तेही एक कारण होतं.

सात आणि पाच बारा महिने. कागदावर ते माझ्या नावे लागले, पण भरले दुसऱ्यांनी.

बुकिंग केलेल्यांत परळच्या चाळीतून आलेले पोस्टातले एक गृहस्थ होते. दर महिन्याच्या एका रविवारी बायकोला घेऊन यायचे, गेटबाहेर उभे राहून आपला अकरावा मजला मोजायचे. दोघांचा मजल्यांचा आकडा जुळायचा नाही, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. नालासोपाऱ्यात भाड्याने राहत होते. इकडे घराचा हप्ता, तिकडे भाडं. मी त्यांना प्रत्येक वेळी म्हणत असे, "दिवाळीपर्यंत होईल." दिवाळी कुठली ते सांगत नसे. २०१५ साली त्यांनी बुकिंग रद्द केलं. करारातल्या अटीप्रमाणे रक्कम कापून उरलेले पैसे मिळाले. महारेरा १ मे २०१७ पासून आलं. त्याआधी उशिराबद्दल ग्राहकाला दाद मागायला ग्राहक मंच किंवा कोर्टाचा लांबचा रस्ता होता, आणि दोन ठिकाणचे पैसे भरणाऱ्या माणसाला तो आणखी लांब. शेवटच्या भेटीत ते चिडले नाहीत. म्हणाले, "विरार पूर्वेला एका चार मजलीत मिळतंय. तयार आहे. लगेच राहायला जाता येतं." त्या इमारतीला परवानगी आहे का, हे विचारायला हवं होतं. त्या धंद्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाने तर हवंच होतं. मी शुभेच्छा दिल्या.

तिसरी चूक सगळ्यात साधी होती आणि तिने मला घरी येऊन गाठलं.

जोतं किती उंच ठेवायचं हे ठरवताना मी शेजारच्या सोसायटीकडे पाहिलं. त्यांचं रस्त्यापासून दीड फूट होतं. आपण दोन ठेवू म्हटलं आणि उदार झाल्यासारखं वाटलं. मीटर रूम, पाण्याचे पंप, जनरेटरचं पॅनल, सगळं त्या पातळीवर. रस्ता दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर घेऊन वर येतो, हे मला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? वसईतल्या जुन्या घरांत उतरायला पायऱ्या कशामुळे आल्या, हे मी लहानपणापासून बघतो आहे. आणि भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी खाडीत शिरत नाही, मागे फिरतं, हे तर आगाशीच्या शाळकरी पोराला कळतं.

२०१८च्या जुलैत दोन-तीन दिवस सलग पाऊस पडला. लोकल बंद. मिठागराच्या वस्तीत माणसं अडकली, वसई-विरारचा बराचसा भाग पाण्यात. आमच्या इमारतीखाली गुडघाभर पाणी चढलं आणि मीटर रूममध्ये शिरलं. वीज गेली, पंप गेले, जनरेटरचं पॅनल भिजलं. दोन्ही लिफ्ट उभ्या राहिल्या. मोठी असो की आठ माणसांची, दोघींत काही फरक उरला नाही.

तीन दिवस मी चौदा मजले जिन्याने चढलो. अडीचशेवर पायऱ्या. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन पोरांनी साखळी करून वर पोचवला. वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या आठव्या मजल्यावरच्या रेफ्युज एरियात बसून दम खात होत्या. आग लागली तर माणसांनी थांबावं म्हणून चोवीस मीटरवर ठेवतात ती ही मोकळी जागा. माझ्या हातून त्या इमारतीत नीट झालेल्या गोष्टींपैकी ती एक. तिथे एक आजी मला म्हणाल्या, "बांधणाऱ्याला एकदा इथे राहायला आणलं पाहिजे, बघा." मी म्हणालो, "आणलंय, आजी." त्यांना ऐकू आलं नसावं. बायकोला आलं. ती म्हणाली, "चारावर अठराच वाढवलेत ना?"

त्या तीन दिवसांत वीज नव्हती, टीव्ही नव्हता, फोन मेलेला होता. विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला. मेणबत्तीच्या उजेडात कागदावर तिन्ही चुका मांडल्या आणि पाहिलं तर तिन्ही एकच होत्या. कातळ मी शेजारच्या प्लॉटवरून मोजला. भिंत खालच्या मजल्यावरून मोजली. जोतं शेजारच्या सोसायटीवरून मोजलं. दर वेळी जे सगळ्यात जवळ होतं त्याला विचारलं, आणि जे स्वतः हललेलं होतं त्याने मला ठीक आहे म्हणून सांगितलं. लांब पल्ल्याच्या गाडीतून जाताना स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली दिसते. लहानपणी वाटायचं, ही माहिती कुणाला हवी असते? आता वाटतं, रेल्वे बांधणारी माणसं शहाणी होती. पुढच्या स्टेशनची उंची त्यांनी मागच्या स्टेशनच्या फलाटावरून ठरवली नाही.

मग मला आमची सगळी वसई-विरारच त्या रीतीने बांधलेली दिसू लागली. त्याने एक मजला जास्त चढवला, मग आपण चढवू. त्याचं ओसीशिवाय, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राशिवाय चाललं, आपलंही चालेल. प्रत्येकजण खालच्या मजल्याला विचारून वर चढलेला. प्रत्येकाचा ओळंबा शेजाऱ्याशी जुळतो. २०२५च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जागेवरच्या ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. तिथली कुटुंबं सामान घेऊन रस्त्यावर आली. त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? शेजारच्याने घेतलं म्हणून घेतलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गणेशचतुर्थी उजाडायच्या आत, मध्यरात्री विरार पूर्वेला चार मजली अनधिकृत इमारतीचा एक भाग कोसळला. सतरा माणसं गेली. सकाळी आमच्या इमारतीत गणपती येत होते, ढोल वाजत होता. मी मोबाइलवर मृतांची नावं वाचत होतो. पोस्टातल्या त्या गृहस्थांचं नाव शोधत होतो. नव्हतं. यादी पुन्हा एकदा वाचली आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांचं नाव नाही म्हणून मला हायसं वाटतं आहे, आणि जी आहेत ती मी नुसती ओलांडून आलो आहे. तेव्हा फोन खाली ठेवला. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. लावला नाही. ते त्या इमारतीत नसले, तरी कुठल्या इमारतीत आहेत हे मला ऐकायचं नव्हतं. हे लिहितानाही तो लावलेला नाही.

निवृत्त झाल्यावर आता मी जुन्या चार मजली इमारतींची पाहणी करतो. त्यातल्या काही माझ्याच आहेत. कॉलमाचं प्लास्टर काढून आतल्या सळ्या बघाव्या लागतात तेव्हा प्लास्टरच्या मोठ्या मनाबद्दलचं माझं मत थोडं बदललं आहे.

यंदा वहीवाल्या त्या मुलीचा फोन आला. आता ती स्वतः एका उंच इमारतीचं काम बघते. "सर, येऊन जा ना एकदा." गेलो. जोत्यावर तिने चार पितळी खुणा बसवल्या होत्या, सिमेंटमध्ये पक्क्या, वर लोखंडी झाकण. अठराव्या मजल्यावर नेलं. स्लॅबला वीतभर चौकोनी भोक. "बघा," म्हणाली. गुडघे कुरकुरत होते, तरी वाकलो. अठरा चौकोन एकाच्या आत एक आणि सगळ्यात तळाला, नखाएवढी, पितळेची चमक. जरा वेळ तसाच राहिलो. उठताना तिने हात दिला. मी म्हणालो, "तेव्हा तू वहीत काय लिहिलं होतंस?"

"सहावा मजला, पश्चिमेला चौदा मिलिमीटर," ती म्हणाली. "माझं माप चुकलं असेल असं वाटलं, म्हणून परत बोलले नाही."

संध्याकाळी घरी आलो. खाली डाव्या लिफ्टपुढे तेरा-चौदा माणसं उभी होती. आठ गेली. मी जिन्याने वर गेलो असं लिहिलं असतं तर शेवट बरा दिसला असता. पण मी पुढच्या फेरीची वाट पाहिली.